मावशीचा ताणलेला हात

मंगळवार, ४ मार्च
माणूस पडला! दुपारी तीनला, भर उन्हात, जहाजाच्या सातव्या मजल्यावरून. सत्तरीचे आजोबा. टोपी उडाली म्हणून कठड्यावर चढले, आणि टोपीमागोमाग स्वतःही गेले!

मी आणि मावशी शेजारीच डेक पुसत होतो. माझ्या हातातलं फडकं गळालं. मावशीनं कठड्यावरचं तरंगतं कडं ओढून भिरकावलं आणि 'माणूस पाण्यात!' अशी बोंब ठोकली, की तळाशी इस्त्री करणाऱ्या पोरींनीही ऐकली म्हणे. मग उजवा हात ताणून बोट आजोबांवर रोखलं. नियमच आहे तसा – ज्यानं पाहिलं त्यानं नजर काढायची नाही, बोट दाखवत उभं राहायचं. एवढ्या लाटांत डोकं म्हणजे चेंडूएवढं. एकदा हरवलं की हरवलं.

जहाज म्हणजे काय सायकल आहे, लगेच वळायला? ते वळत होतं तशी मावशी उलटी फिरत होती, हात तसाच. चाळीस मिनिटं! मी म्हटलं, टेकू देऊ का? 'गप. बोलू नकोस.'

होडी तिच्या हाताच्या रोखानं गेली. आजोबा सापडले – जिवंत! टोपी नाही सापडली.

बुधवार, ५ मार्च
मावशीचा हात आज खांद्याच्या वर जात नाही. वेणी मी घातली. पंचवीस वर्षं फरशा पुसणारी ही बाई माझ्याच खोलीत खालच्या पलंगावर घोरते, आणि मला तिची किंमत आत्ता कळली!

पडलेल्या आजोबांची बायको खाली आमच्या खोलीपर्यंत आली. मावशीचा हात धरून नुसती रडली. जाताना म्हणाली, 'आता घरी पोचू दे, मग ह्यांच्याकडे बघतेच मी!'

शुक्रवार, ७ मार्च
मोठ्या साहेबांनी बोलावलं. मावशीचं कंत्राट या महिन्यात संपतंय. वय झालं म्हणून वाढवणार नव्हते. आता म्हणतात, दोन वर्षं वाढवतो – नव्या लोकांना नजर कशी धरायची ते शिकवा. रविवारी पहिला वर्ग, तिथेच सही.

मी नाचायची बाकी होते. आणि ही तोंड पाडून मोजे धूत बसली! 'मला नाही जमायचं.'

शनिवार, ८ मार्च
कडाक्याचं भांडलो. दैव देतं अन् कर्म नेतं, दुसरं काय! लेकीचं नर्सिंग पुरं व्हायला अजून दोनच वर्षं हवीत हिला. 'तुला नाही कळायचं,' एवढंच म्हणाली. भाव खातेय, असं बोलून गेले मी.

रविवार, ९ मार्च
साहेब कौतुकानं म्हणाले, 'चाळीस मिनिटं नजर कशी टिकवली, सांगा यांना.'

मावशी म्हणाली, 'पाच मिनिटांतच दिसेनासे झाले होते, साहेब.'

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

'मग बोट कशावर होतं?'

'असतील असं वाटलं तिथं. हात खाली घेतला असता, तर तुम्ही शोधलं असतंत?'

साहेबांनी कंत्राटाचा कागद सही न करता फाईलमध्ये ठेवला. ठेवू देत. उद्या मी पाण्यात पडले, तर कठड्याशी मला हीच बाई हवी.