पडद्यावरचा अंगारा

मंगळवार, संध्याकाळ. गोरेगाव.

आज शेवंताबाईंवर उगाच खेकसले. तेच डोक्यात घोळतंय.

आमची मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, गाडी दिवसभर गावच्या बाजारापाशी उभी होती. तांड्यावरून एकट्या त्याच आल्या, साठीच्या. यंत्राच्या पाट्यांमध्ये स्तन दाबला तरी हूं की चूं केलं नाही. आणि पडद्यावर बघते तर बारीक पांढरे ठिपके! असे ठिपके म्हणजे कधी कधी कॅन्सरची सुरुवात. मग नीट पाहिलं, तर स्तनाखाली राख.

"हे काय लावलंय?" मी ओरडलेच.

"औंढ्याच्या देवाचा अंगारा हाय बाई. काई वंगाळ निघू नये म्हून."

ओल्या कापसानं पुसलं, पुन्हा फोटो घेतला. दुसऱ्यांदा दाबताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्यामुळे. पावडरचेही असेच ठिपके दिसतात म्हणून तिचं सगळ्यांना आधी विचारते, अंगाऱ्याचं कसं सुचलं नाही?

"गेले ठिपके," मी बोलून गेले.

त्यांनी त्या ओल्या कापसालाच हात जोडले. "पावला बगा अंगारा! उद्या तांड्यातल्या चौघींना आणते. समद्यांना लावून."

डॉक्टरांनी अजून फोटो बघायचेत, हे त्यांनी ऐकलंच नाही. शेवटी म्हटलं, "आणा, पण अंगारा कपाळाला लावा."

"काहून? गाठ काय कपाळाला येती व्हय?"

चौघी येणार आहेत, त्याही अंगारा तिथंच लावून.

उद्या कापूस जास्त घ्यायचा.