सुती, फिकट, पाचवारी

१७ एप्रिल १९५५, रविवार. अंधेरी.
दादाचं पत्र, आफ्रिकेतून, मोंबासाहून. नेहमीप्रमाणे आईच्या नावे. जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं. आई समोर, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, दिव्याच्या समोर. नवऱ्यानं बायकोला वेगळं पत्र लिहायची आमच्याकडे रीत नाही. वडीलही लिहीत नसत. दादाला जाऊन चार वर्षं झाली, त्यात वहिनीच्या वाट्याला दर पत्राची शेवटची ओळ: सौ.ला सांगणे, प्रकृतीस जपावे.
या वेळी तिच्यासाठी पानभर. तिला तिकडे यायचं परमिट झालं. १४ मेची बोट. काय आणावं, काय आणू नये. पातळं सुती, फिकट, पाचवारी. नऊवारी नको, घामानं अंगाला चिकटतं. रेशीम नको. जरीचे काठ काळे पडतात. कातडी वहाणा नकोत, आठवड्यात बुरशी धरते. पोलक्याच्या बाह्या आखूड.
वहिनीनं यादी दोनदा वाचायला लावली. तिला वाचता येतं. पण पत्र आईचं.

२० एप्रिल.
दादर. सुती पातळं सहा, वहिनीनं स्वतः निवडली. दुकानदार म्हणाला, बाई, सगळी एकाच रंगाची वाटतात. ती म्हणाली, तेच हवंय.

२२ एप्रिल.
समोरच्या नलूकडून पाचवारी नेसायला शिकणं चालू. आज दोघी बाजारापर्यंत जाऊन आल्या. परत येताना निऱ्या हातात. आई म्हणाली, मांडीला मांडी घासत चालायचं म्हणजे गं कसं. वहिनी हसली. अशी मोठ्यानं हसताना क्वचित.

२५ एप्रिल.
वहिनीनं लस टोचून घेतली. दाखला मिळाला. दंड सुजला. तरी रात्रीच्या पोळ्या तिनंच केल्या.

२९ एप्रिल.
शाळेला सुट्टी लागली, जूनपर्यंत शिकवणं नाही. दादाचं दुसरं पत्र, सोबत फोटो. कचेरीच्या पायऱ्यांवर उभा, पांढरी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे. आई बराच वेळ बघत राहिली. "ह्यो पोलिसात लागलो काय रे?" फोटो शेजाऱ्यांना दाखवायचा नाही असं ठरलं. तिथे सगळे साहेब असेच, उकाड्यामुळे, असं त्यानं लिहिलंय.
पत्रात उकाडाच जास्त. अंग सारखं ओलं. घामोळं. कपाटात बल्ब पेटता ठेवावा लागतो, नाहीतर कपड्यांना वास. सौ.ला झेपेल का, विचार करावा.
आई सुपारी कातरत होती. हवा वाईटच दिसते, म्हणाली.
वहिनी पदरानं गळा पुसत होती. आमच्या या दोन खोल्यांत दुपारी चारला भिंतसुद्धा गरम लागते. ती मला म्हणाली, "अंधेरीत काय बर्फ पडतं, भावोजी?"

१ मे.
ट्रंक उन्हात ठेवली. आत कडुनिंबाचा पाला. आईचा हट्ट, एक इरकली नऊवारी लुगडं द्यायचंच: "इतक्या लांब जातली, एक तरी लुगडां आमचां असांदे." वहिनी नको म्हणाली. यादीत नाही. आई दुखावली. संध्याकाळपर्यंत दोघींचं बोलणं माझ्यामार्फत.

३ मे.
इरकली लुगडं ट्रंकेत, तळाशी. कुणी ठेवलं, विचारलं नाही.

६ मे.
तिसरं पत्र. हवाईपत्राचा निळा कागद. शाईचा डाग पलीकडे उमटलेला.
वाचायला लागलो. आईची प्रकृती, पगार, नवा साहेब. मग पुन्हा हवा. मग मी थांबलो. बाकी क्षेम, म्हणालो आणि घडी घातली.
शेवटच्या चार ओळी गाळल्या.
'एकंदरीत सौ.ला इथली हवा मानवेल असे वाटत नाही. तूर्त येणे लांबवावे हे उत्तम. तिकीट दिवाळीनंतरच्या बोटीवर बदलून मिळते. तसे तिला समजावून सांगावे.'
का गाळल्या, ते इथे लिहायला हवं. सुचत नाही. आईनं ऐकलं असतं तर ट्रंक त्याच दिवशी रिकामी झाली असती, एवढं माहीत आहे.
दादाचं खरं कारण हवेपेक्षा वेगळं असेल. असेल किंवा नसेल.

८ मे.
दादाला तार करावी का. काय लिहायचं? पोस्टापर्यंत गेलो, पत्राची तिकिटं घेऊन परत.
वहिनी पोलक्यांच्या बाह्या कापत होती. एकूण आठ पोलकी. कापलेल्या तुकड्यांची तिनं रुमालाएवढी चौकोनी फडकी शिवली. घाम टिपायला, म्हणाली.

११ मे.
माहेरची माणसं भेटून गेली. तिच्या आईनं लोकरीची शाल आणली होती. समुद्रापलीकडे म्हणजे थंडीच, असं त्यांच्या मनात. वहिनीनं शाल घेतली, पाया पडली. ते गेल्यावर मला म्हणाली, ही तुम्ही वापरा, भावोजी, डिसेंबरात. ट्रंकेत ठेवली नाही.

१३ मे.
उद्या बोट. दुपारी चारला धक्क्यावर हजर.
आई देवळात गेली होती. वहिनी ट्रंकेवर बसली, मी कडी लावली. कुलूप बसायला वेळ लागला. ती उठली नाही.
म्हणाली, "त्या पत्रात पुढे काय होतं?"
मी विचारलं, कुठल्या.
"कागद पातळ असतो, अक्षर पलीकडून दिसतं. मी दारात बसते, दिवा तुमच्या मागे. चार ओळी उरल्या होत्या."
पत्र आणून दिलं. तिनं हात पुढे केला नाही. वाचा, म्हणाली. वाचलं. तिकीट बदलून मिळतं, ती ओळ मी घाईनं उरकली, तेव्हा तिनं ती पुन्हा वाचायला लावली.
कपाळावरचा घाम तिनं नव्या फडक्यानं टिपला.
मी विचारलं, आता काय करायचं.
"मला लिहिलं असतं तर मी उत्तर दिलं असतं," ती म्हणाली. "हे पत्र आईंना आहे."
मग उठली. हातातल्या पिशवीत लसीचा दाखला, परमिट, तिकीट आहे का ते पुन्हा पाहिलं. आईंना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाली, आणि आंघोळीला गेली.
पत्र टेबलावर आहे. आत पाणी ओतल्याचा आवाज. आईच्या चपला जिन्यात वाजताहेत.