रानघरचं इन्स्पेक्शन आणि लाडवांचा डबा

८ डिसेंबर १९९६, रविवार. इस्लामपूर.
संकल्प: मयूरीला येत्या रविवारच्या आत घरी आणणे. रविवारी चार वाजता आमच्या डेअरीच्या चेअरमनसाहेबांचा पुतण्या तिला बघायला येतोय. मी शब्द दिलाय. मयूरीला अजून सांगितलेलं नाही, पण मुलगी माझ्या शब्दाबाहेर नाही. (सहा महिन्यांपूर्वी मी 'जाऊ नकोस' म्हणालो आणि ती गेली, तो अपवाद.)
कोयनानगरच्या पुढे जंगलात 'रानघर' म्हणून वस्ती आहे. सांगलीच्या अनीश नावाच्या इंजिनियरने काढली. बारा-तेरा पोरंपोरी बिनपगारी राबतात, झाडं लावतात. दूध, दही, तूप, मध, काही खात नाहीत. जनावराकडून काही घ्यायचं नाही म्हणे. मी सव्वीस वर्षं डेअरीत सुपरवायझर. माझ्याच मुलीने दूध सोडावं! लोक काय म्हणतील ते म्हणतच आहेत.
दोन दिवस पुरेत. रजा मात्र आठवड्याची टाकली आहे. पँटला नवा पट्टा. बॅगेत दूध पावडरचा डबा. सॅम्पल म्हणून.
गोदावरीने लेकीसाठी लाडू दिलेत, डबा फडक्यात घालून वरून शिवलेला. म्हणाली, तिच्याच हातात द्या, वाटेत उघडू नका. मी काय लहान आहे?

९ डिसेंबर, सोमवार. रानघर.
एस्टीने कराड, पाटण, कोयनानगर. पुढे दीड तास पायपीट. डबा उघडला नाही. फक्त हुंगला. तुपाचा वास नाही. गोदावरीने हात आखडलेला दिसतो.
फाटकावर चपला काढायला लावल्या. चामड्याच्या म्हणून. मग पट्टाही. पँट सुतळीने बांधली आहे. पायात इथेच बनवलेल्या टायरच्या चपला. इन्स्पेक्शनला आलेल्या माणसाला ही वागणूक.
मयूरी वाळली आहे, काळवंडली आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त हसते. काळजीचं लक्षण. डबा तिच्या हातात दिला. तिने तिथेच दोरा उसवला आणि लाडू वाटून टाकले. "आईने तूप घातलं नाहीये, शेंगदाणा-गुळाचे आहेत," म्हणाली. घरात इतकं चालतं आणि मला पत्ता नाही.
चहा म्हणून गवती चहा मिळाला, कोरा. फॅट शून्य. विषय उद्या काढणार.

१० डिसेंबर, मंगळवार.
इथे कोणी कोणाला हुकूम सोडत नाही. सकाळी फळ्यावर कामं लिहिलेली असतात, आपल्याला हव्या त्या कामापुढे आपणच खडूने नाव लिहायचं. पाणी, स्वयंपाक, रोपवाटिका, सोनखत. मी खाली नवा रकाना आखला: 'मार्गदर्शन'. त्यापुढे माझं नाव.
दुपारपर्यंत मार्गदर्शनाला कोणी आलं नाही. शेवटी मिलिंद आला. आटपाडीचा पोरगा, शेतीतला पदवीधर. म्हणाला, "काका, त्यो रकाना पुसला बगा मी. सोनखताला मानूस कमी पडत हुता."
सोनखताबद्दल इथे लिहीत नाही. अजून जेवायचं आहे.
डोकं ठणकतंय. विषय काढला नाही. अंगाला वास येत असताना लग्नाचं बोलू नये.

११ डिसेंबर, बुधवार.
पावडरचा डबा माझ्या झोपडीच्या पडवीत, वर वाशांच्या बेचक्यात ठेवला आहे. सकाळी गवती चहा घेऊन 'ध्यानाला' झोपडीत गेलो आणि दोन चमचे टाकले. नियम मोडायला नव्हे, तुलनेसाठी. डोकं थांबलं. तुलना संध्याकाळीही केली.
आत्मविश्वास वाढला आहे. उद्या मयूरीशी सडेतोड बोलणार. अनीशशीही. दुधाशिवाय माणूस टिकत नाही, हे त्यांना आकडेवारीनिशी पटवणार.

१२ डिसेंबर, गुरुवार. दुपारी दीड.
भूकंप. कोयनेचा नेहमीचा, लहानसा. सगळ्यांनी आपापलं ताट धरलं आणि जेवत राहिले. आजची पंगत नेमकी माझ्या पडवीत होती. डबा वरून आला, झाकण आधी. पावडर माझ्या डोक्यावर, सदऱ्यावर, आमटीत. जीवितहानी नाही.
मिलिंद म्हणाला, "लय जोराचा न्हवता, पर नेम धरून आला."
मी खुलासा केला की ती अंगाला लावायची पावडर आहे. मयूरीने माझ्या खांद्यावरची चिमूटभर घेतली, बोटात चोळली, जिभेला लावली. म्हणाली, "साय काढलेल्या दुधाची आहे, बाबा. आणि जुनी."
अगदी बरोबर. लहानपणी संकलन केंद्रावर घेऊन जायचो तेव्हा मीच शिकवलेलं. अजून विसरली नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
आज विषय काढणं योग्य दिसलं नसतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी आठ.
नवी व्यवस्था. खालच्या वाडीत भामाबाईंकडे म्हैस आहे. फिरायला जातो सांगून निघालो. आडून आडून दुधाचं विचारणार, तोच बाई म्हणाल्या, "आवं साहेब, बसा की निवांत. चा ठिवलाच हाय." माणूस मोठा असला की चालीवरून कळतं. चहा दाट. फॅट साडेसात, मशीन लावायची गरज नाही. दोन कप. रानघरात कुणाला सुगावा नाही.

रात्री, थोडक्यात.
विषय काढला. मयूरी रोपवाटिकेत पिशव्या भरत होती. वातावरणनिर्मितीसाठी मीही भरायला बसलो. एकशे दहा भरल्या. मग म्हणालो, रविवारी घरी चल, पाहुणे येणार आहेत, मी शब्द दिलाय.
ती म्हणाली, "बाबा, ही रोपं जूनमध्ये डोंगरावर लावायचीत. ती लावल्याशिवाय मी हलत नाही. शब्द तुम्ही दिलाय, तर पोहे घेऊन तुम्हीच जा पाहुण्यांसमोर."
एकूण बोलणी सकारात्मक. उद्या होकार घेऊन निघायचं.

१४ डिसेंबर, शनिवार.
निघण्याआधी भामाबाईंकडे चहा. सहज विचारलं, काल मी यायच्या आधीच चहा कसा तयार? म्हणाल्या, "मयूरीनं सोमवारीच सांगून ठिवलंय न्हवं. बाबांस्नी दुधाचा चा न्हाई मिळाला तर डोस्कं दुकतंय म्हनून. मी मंगळवारपास्नं वाट बगतीया, तुमी उगवला शुक्रवारी."
मी विचारलं, रानघरात आणखी कोणाला ठाऊक आहे? "समद्यास्नी. तिच्या आईची चिठ्ठी आली हुती की, लाडवाच्या डब्यात. तुमीच आनलीसा."
दुसरा कप संपवला नाही.
मयूरी फाटकापर्यंत आली. माझ्या चपला तिने पोत्यात गुंडाळून आडोशाला ठेवल्या होत्या, दवाने चामडं खराब होऊ नये म्हणून. वाकून माझ्या पायाशी ठेवल्या. होकाराचं विचारायचं राहून गेलं. पोरीची फार आठवण येणार. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१५ डिसेंबर, रविवार. इस्लामपूर. दुपारी तीन.
काल कोयनानगरला शेवटची एस्टी चुकली, रात्र स्टँडवर काढली. घरी पोचलो तर कुठे गडबड नाही. पोहे भिजवलेले नाहीत. गोदावरी निवांत पेपर वाचतेय. म्हणालो, तासाभरात चेअरमनसाहेबांची माणसं येतील, मुलगी कुठाय विचारतील, आता मी काय तोंड दाखवू?
म्हणाली, "कोणी येत नाही. सोमवारी तुमची एस्टी सुटली आणि मी त्यांना नाही म्हणून कळवलं. कळवणार आहे, हे चिठ्ठीत आधीच लिहिलं होतं मयूरीला."
म्हणजे शुक्रवारी मी पिशव्या भरत बोलणी करत होतो तेव्हा पोरीला सगळं माहीत होतं. आणि शनिवारी अख्ख्या रानघराने मला 'पुन्हा या काका' म्हणून निरोप दिला.
"मग मला आठ दिवस तिकडे पाठवलंस कशाला?"
गोदावरीने पेपरची घडी घातली. म्हणाली, "पोस्टाने लाडू फुटतात."
चहा केला तिने. नेहमीचाच. दूध जरा जास्त झालंय असं वाटलं.
पट्टा रानघरातच राहिला. पँट अजून सुतळीवर आहे. आणायला जावंच लागेल, दुसरं काही कारण नाही. पुढच्या रविवारी सोयीचं पडेल, असं गोदावरीला सांगितलं.
तिने आत जाऊन शेंगदाणे भाजायला घेतलेत.