शर्यतीचा पंच

यवतमाळ, बुधवार

प्रिय दीपा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडशील, ही भीती आहेच. म्हणून ते कांताबाईंच्या हाती पडेल असं पाठवतेय. सासूसमोर तू फाडणार नाहीस. सहावीपासून आपण एका बाकावर बसलो, तुझ्या डब्यातला झुणका मी संपवला आणि माझी गणितं तू सोडवलीस. तरी या दोन वर्षांत मी तुझ्या दारात आले नाही. आज तुझ्या संघर्षबद्दलच लिहायचं आहे. तो कसा गेला हे तुला गावभराने सांगितलं. त्या गाडीत जी बसली होती, तिने सांगितलं नाही. हो, मी गाडीत होते.

आमच्या माहेरचा गाड्यांचा तमाशा तुला ठाऊक आहे. माझ्या भावाने, अंकुरने, काळी जर्मन गाडी घेतली, डिझेलची. महिनाभरात आमच्या ह्यांनी पांढरी घेतली, पेट्रोलची आणि वर बॅटरीची मोटर असलेली. दोन्ही सारख्याच धिप्पाड, अडीच-अडीच टनांची धुडं. शून्यावरून शंभरला आधी कोणती पोचते, यावरून जेवणाच्या ताटावर भांडणं. हे म्हणायचे, मोटरमुळे माझी पहिल्या झटक्यालाच निघून जाते. अंकुर म्हणायचा, जाऊ दे ना, पन्नासच्या पुढे डिझेलचा जोर लागला की मागून येऊन गाठतो. मोबाइलवर परदेशातल्या चाचण्या लावून एकमेकांच्या नाकासमोर धरायचे. कापसाच्या जिनिंगमध्ये सगळं आयुष्य घालवलेले आमचे बाबासुद्धा कौतुकाने ऐकत बसायचे. कुठली गाडी लवकर थांबते, हे मात्र त्या घरात कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याला आम्ही पांढरकवड्याला आलो होतो. आईने दोन्ही गाड्यांची पूजा केली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक आणि समोरच्या जाळीवर झेंडूचा हा एवढा जाड हार. पूजा आटोपली आणि दोघांना तिथल्या तिथे निकाल लावायची हुक्की आली. सणामुळे मुकुटबन रोडवर ट्रक नव्हते. पण जिंकलं कोण हे ठरवणार कोण? साला मेहुण्यावर विश्वास ठेवेना, मेहुणा साल्यावर. तेव्हा अंकुरच म्हणाला, संघर्षला बोलावू. कबड्डीच्या सामन्यात पंच म्हणून त्याने एकदा अंकुरलाच बाद दिलं होतं आणि सगळी टीम अंगावर आली तरी निर्णय फिरवला नव्हता. तो खोटं बोलणार नाही, एवढ्याच एका गोष्टीवर त्या दोघांचं एकमत झालं.

तुम्ही नागपूरला दीक्षाभूमीला निघणार होता. तो पांढरे कपडे घालूनच आला, अर्ध्या तासात परत जायच्या बोलीवर. मी अंकुरच्या शेजारी बसले, का तर मला मोबाइलवर शूटिंग करायचं होतं. पहिल्या खेपेला ह्यांची पांढरी पुढे निघाली. संघर्षने हात वर करून स्वच्छ सांगितलं. अंकुरचा चेहरा पडला. चालत्या गाडीवरून एकदा पाहू, म्हणाला. संघर्ष खिडकीशी आला आणि म्हणाला, "बस झालं आता, अंकुर. दीपा टेम्पोत बसून वाट पाहून राह्यली." अंकुरने एकच, शेवटची, म्हणून त्याचा हात धरला. मित्रच तो, थांबला. निकालावर पुन्हा वाद नको म्हणून अंकुरनेच त्याला सांगितलं, की पुढे शर्यत संपते तिथे कडेला उभा राहा आणि शेवट मोबाइलवर घे.

दीपा, निघायच्या आधी गाडीच्या पडद्यावर पिवळा इशारा आला होता. पुढचा रडार झाकला गेलाय, गाडी स्वतःहून ब्रेक लावणार नाही, असं लिहिलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं. अंकुर हसला. हाराने झालं असेल, म्हणाला. मी म्हटलं, मग काढ हार. तर म्हणाला, "आईनं सांगतलं ना, आजच्या दिवशी काढाचा नाही. अपशकुन असते." अडीच टनांची गाडी, तिच्यात जगभरची अक्कल भरलेली, आणि आम्ही तिच्या डोळ्यावर झेंडू बांधून सुसाट निघालो.

शर्यत संपायच्या जागेजवळ आलो आणि हार तुटला आणि सगळा काचेवर येऊन आदळला. समोरचं काही दिसेना. अंकुरने गडबडून वायपर लावला, तर हार त्यातच अडकला. त्याने डावीकडे स्टिअरिंग ओढलं. झेंडूच्या फटीतून मला संघर्ष दिसला. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी असते ना, तिच्या बाहेर, मुरुमावर, जिथे त्याला उभं राहायला सांगितलं होतं तिथेच तो उभा होता. हातात मोबाइल. तो रस्त्यावर आला नव्हता. आम्ही त्याच्याकडे गेलो.

पुढचं फार पटकन झालं. मी त्याच्याजवळ धावले, तो काही बोलला नाही, हे मात्र खरंच सांगते. ह्यांनी मला ओढून पांढऱ्या गाडीत घातलं आणि घरी आणून सोडलं. पोलिसांना सांगितलं, बायको घरीच होती. बाबांनी खोट्या साक्षीला दोन माणसं उभी केली. त्याच्याजवळ फुटून बंद पडलेला मोबाइल सापडलाच होता, त्यावरून ठरलं, की रील काढायला तो गाडीसमोर आला. माझ्या मोबाइलमधलं शूटिंग ह्यांनी त्याच संध्याकाळी पुसलं. पंच म्हणून ज्याला खऱ्यासाठी बोलावलं, त्याच्याच नावावर खोटं लावून मोकळे झाले. मला तर कुणी विचारलंच नाही, कारण मी तिथे नव्हतेच.

गेल्या आठवड्यात कांताबाई डोळे दाखवायला यवतमाळला आल्या होत्या, एसटी स्टँडवर भेटल्या. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तुझं सांगितलं. "पोरगी बापाचं नाव काढते तं दीपा म्हणते, तुह्या बापाले आपल्याहून रील प्यारी होती. फोटो बी पेटीत उलटा करून ठेवला तिनं." रात्रभर ते वाक्य कानातून गेलं नाही. काल मी एकटीच सरकारी वकिलांना भेटून आले. अंकुरवरच्या खटल्यात सोमवारी पांढरकवड्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. ह्यांना आणि बाबांना आज सांगितलं. त्यानंतर या घरात कुणी माझ्याशी बोललेलं नाही, आणि आईने फोनवर एवढंच विचारलं, की भावाला जेलात धाडून तुला काय मिळणार. तुला हे कोर्टात, वकिलांच्या गर्दीत पहिल्यांदा कळू नये, म्हणून लिहिलं. माझ्यावर जन्मभर राग धर, तो तुझा हक्कच आहे. पण तुझा नवरा रीलपायी मेला नाही, दीपा. तो बाजूला उभा होता आणि माझ्या भावाने त्याला उडवलं. सोमवारी अंकुरच्या तोंडावर मी हेच सांगणार आहे.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
प्रेरणा