मुठीवरचा सिंह

प्रिय भरत,

विमानतळावरून फ्लॅटवर पोचलास की वॉचमन हे पाकीट देईल. गावी, शिनोलीला निघण्याआधी वाच. फोनवर तू रडतोस आणि मला अजून रडू आलेलं नाही, त्यामुळे बोलणं जमत नाही. पण आबांच्या दशक्रियेआधी एका गोष्टीवर आपलं एकमत हवं.

आधी तुझं काम. आपल्या देव्हाऱ्यातल्या तलवारीला पुन्हा सोन्याचा मुलामा देणाऱ्या माणसासाठी तू नक्षीचं वर्णन मागितलं होतंस. मुठीच्या टोकाला सिंहाचं तोंड, त्याची आयाळ पाठीमागून खालपर्यंत उतरलेली. मुठीवर माशाचं पांढरं खरखरीत कातडं, त्यावर पितळी तारेचे वेढे. हाताच्या आडोशाला जो पत्रा आहे, त्यावर मुकुट आणि दोर गुंडाळलेला जहाजाचा नांगर. आईला तो उलटा त्रिशूळ वाटायचा, म्हणून तिथं कुंकवाचा थर आहे. दर खंडेनवमीला तिनं चिंच-राखेनं घासघासून गोऱ्या नौदल अधिकाऱ्याचं सगळं सोनं धुऊन काढलं. आता ते फक्त आयाळीच्या खाचांत उरलंय. पणजोबा गोदीत असताना त्या साहेबानं तलवार त्यांना का दिली, हे आपल्यात कोणी विचारलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूला आपण थेट देव्हाऱ्यात बसवतो.

खंडेनवमीच्या पूजेला तलवारीचं म्यान आजवर आबाच उतरवायचे. यंदा दृष्टी पुरती गेलेली, हातात बळ नाही. पितृपक्षापासून एकच धोशा, “भरत आला का? म्यान त्यानंच उतरवायचं.” तुझी सुट्टी नामंजूर झाल्याचं मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, “यील. तुला न्हाई कळायचं.”

नवमीला मी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, वर तुझा जुना शर्ट चढवला आणि त्यांच्यापुढे बसून म्यान उतरवलं. उतरवताना बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. तिचा इतका उपयोग कधी झाला नव्हता. आबांनी सिंह चाचपला, नांगर चाचपला, मग मुठीवरचा माझा हात. बराच वेळ धरून ठेवला. म्हणाले, “लई उशीर केलास, लेका.” दारात शेजारची बयाकाकू उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसली.

दसऱ्याला सोनं द्यायला जो आला त्याला आबांनी सांगितलं, “आमचा भरत यून गेला. हात लई वाळलाय त्याचा.” कोजागिरीच्या आत ते गेले.

तेव्हा घाटावर लोक तुला विचारतील, नवमीला आलास आणि कोणाला न भेटता कसा गेलास. घाईत होतो म्हण. तुझ्याबद्दल ते कोणालाही लगेच पटेल.

तुझीच,
साधनाताई