डावीकडून तिसरा

७ मार्च २००६, रेडमंड
म्युझियम. डिपेंडंट व्हिसावर पगार घ्यायला बंदी, फुकट राबायला नाही. रेल्वेच्या प्रदर्शनातला फोटो आज लागला. शंभरेक वर्षांपूर्वी इथले रूळ टाकणारे पाच मजूर, दाढ्या, पगड्या. खाली पाटी : 'अनोळखी हिंदू मजूर'. लिंडाला (इथली मुख्य) म्हटलं, हे शीख आहेत. म्हणे, त्या काळी तिकडून आलेल्या सगळ्यांनाच हिंदू म्हणत. म्हटलं, आता तो काळ नाही. पाटी बदलायला लावली. उद्घाटनाचं भाषण माझ्याच गळ्यात पडलं. पडू दे.

१० मार्च
'शीख' झालं, 'अनोळखी' तसंच. फोटोची कॉपी घेऊन गुरुद्वारात गेले. लंगरमध्ये हातोहात फिरली. दर्शनसिंग अंकल, ऐंशीच्या पुढचे. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. मग डावीकडून तिसऱ्यावर बोट. त्यांचे चुलत आजोबा, केहरसिंग. अमेरिकेत रेल्वेच्या कामावर गेले ते गेलेच. घरात एक फोटोसुद्धा नाही. मग ओळखलं कसं?
"बेटी, ये हमारे घर के कान हैं."
अंकलचे कान पाहिले. कानासारखे कान.

१४ मार्च
लिंडा : पुरावा नाही, तर पाटीवर नाव नाही. तिचं चुकत नाहीये, म्हणून जास्त राग आला. द. अंकलना फोन केला. म्हणाले, पाटी राहू दे, चारचौघांत एकदा कुणी त्यांचं नाव घेतलं तरी पुरे. अभय म्हणतो, "रिस्क नको घेऊस यार, बायको. दुसराच कोणी निघाला तर?" नवऱ्यांना काळजी करायला काहीतरी लागतंच.
पाटी लिंडाची, भाषण माझं. नाव घेणार.

१८ मार्च, शनि.
घेतलं. खणखणीत. 'यांच्या घरचे म्हणतात, हे केहरसिंग' अशा शब्दांत, म्हणजे खोटं काही नाही. द. अंकल पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या कोटात. रडले. मीही.
टाळ्या संपल्यावर एक साठीच्या बाई पुढे आल्या, यॅकिमाहून ड्राइव्ह करत आलेल्या. बोट तिसऱ्यावरच. "ये तो हमारे बंतासिंग हैं." पुरावा त्यांच्याकडेही नाही. त्यांनी कपाळावरून ओळखलं.
लिंडानं माझ्याकडे पाहिलं, मी अंकलकडे. चेहरा पडला होता त्यांचा. इतकी वर्षं कुणाचाच नसलेला माणूस, आणि आता...
अंकलनी शेजारची खुर्ची ओढली, बाईंना बसवलं. "कौन सा गाँव, बेटी?"
तासभर झाला, दोघं बोलतायत. मी कोपऱ्यात बसून हे लिहितेय. लिंडा किल्ल्या घेऊन दारात. तिला म्हटलं, थांब जरा.