जमिनीवर पाहिलेली तोर्तोरा

तोरिनो, ११ जून २०२४

प्रिय रेमीजिओ,

गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी माझा गाडी चालवण्याचा परवाना वाढवून द्यायला नकार दिला. त्यामुळे माझ्या गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीचं काय करायचं हे मला ठरवावं लागलं, आणि त्यामुळेच हे पत्र. ती गाडी कोणती आहे हे पुढच्या महिन्यात छापून येणार आहे. तुला ते छापील कागदावरून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. एकतीस वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलेलं नाही, तेव्हा हात जरा अवघडलेला वाटला तर चालवून घे.

तू बरा असशील. मागच्या कार्डावर गुडघ्याचं लिहिलं होतंस. मोंदोवीत चढ फार, त्यात तुझी कामाची खोली वरच्या मजल्यावर. ती खाली आण. चर्चची बाकं खालच्या मजल्यावरही दुरुस्त होतात.

मी उत्तम आहे. परवान्याचं म्हणशील तर डॉक्टर पोरगेलाच होता, पण कामात चोख. म्हणाला, तुम्हाला समोरचं छान दिसतं, बाजूचं दिसत नाही. मी म्हटलं, गाडी पुढेच जाते. तो हसला नाही. दोन दिवस मी त्याच्यावर चिडून होते, तिसऱ्या दिवशी ट्रामचा पास काढला. ट्राममध्ये उंचावर बसायला मिळतं आणि सगळ्या गाड्यांची छपरं दिसतात. छपराकडे हल्ली कोणी लक्ष देत नाही, हे मला या वयात कळलं.

साप्ताहिकातलं गाड्यांवरचं सदर बंद करून दहा वर्षं झाली तरी शनिवारी मी शोरूममधून फिरतेच. विक्रेते मला ओळखतात. एक तर मला पाहिलं की फोन कानाला लावतो, आणि मी गेल्यावरच त्याचं बोलणं संपतं. नव्या गाड्यांबद्दल माझं मत विचारशील तर सगळ्या रागावलेल्या दिसतात. दिवे बारीक करून बघतात, जणू तुम्ही त्यांचं काही नुकसान केलंय. विजेवर चालणाऱ्या गाडीला हवा खायला जाळी लागत नाही, तरी पुढे जाळीचं चित्र काढतात. दरवाज्याची मूठ दरवाज्यातच लपवतात. परवा एक म्हातारा शोरूमच्या मधोमध उभा राहून दार चाचपत होता, शेवटी त्याने ते ठोठावलं. आणि खिडक्या! मागच्या सीटवर बसलेल्या पोराला बाहेरचं काही दिसतच नाही, म्हणून त्याच्यासाठी आत पडदा लावतात आणि त्यावर बाहेरचं दाखवतात.

एक मात्र आवडली. दोघांपुरती, विजेवरची, खोक्यासारखी. पुढचं आणि मागचं अंग एकाच साच्यातलं, दोन्ही दारंही एकाच साच्यातली, त्यामुळे एक दार सरळ उघडतं आणि दुसरं उलटं. गरिबीचा काटकसरीपणा, पण तो लपवलेला नाही. मी तिच्याभोवती तीनदा फिरले. विक्रेत्याने विचारलं, कशी वाटली. मी म्हटलं, प्रामाणिक. तो बिचारा हिरमुसला, त्याला सुंदर हा शब्द हवा होता. आणि अमेरिकेतली ती पत्र्याच्या कपाटासारखी गाडी, जिच्यावर सगळे तुटून पडलेत, ती मी फक्त फोटोत पाहिली आहे. तिच्याबद्दल मला मत नाही. जमिनीवर पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही.

हस. तुला हसायचा अधिकार आहे.

आता मुद्द्यावर येते. वान्किल्याच्या बाजारामागे ग्वाल्तिएरो मोतुरा नावाचा मेकॅनिक आहे. माझी गाडी वर्षानुवर्षं तोच बघतो, आणि तोंड बंद ठेवायचे त्याला मी वेगळे पैसे देत नसले तरी तो ते बंद ठेवत आला. या वसंतात त्याने मला न विचारता जुन्या गाड्यांच्या क्लबला कळवलं. मी जाब विचारला तर हात पुसत म्हणाला, "बाई, साऱ्या देशात चालत्या अकराच उरल्यात. त्यातली एक तुम्ही चादरीखाली झाकून ठेवता, जशी काही चोरून आणलीय."

क्लब दरवर्षी एक पुस्तिका काढतो. यंदाची त्या अकरा गाड्यांवर आहे, फोटो आणि मालकाच्या नावासकट.

ती तोर्तोरा आहे, रेमीजिओ. तुझी.

आता सगळं एका दमात सांगते, नाहीतर पुन्हा छपरांवर बोलू लागेन.

एप्रिल त्र्याण्णवमध्ये प्रदर्शनात ती गुडघाभर उंचीच्या फिरत्या चौथऱ्यावर ठेवली होती, वरून दिव्यांचा मारा. मी खालून पाहिली. खांद्यावरची ती रेघ, पुढच्या दिव्यापासून शेपटीपर्यंत गेलेली, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आली होती. मी सदरात लिहिलं, 'या गाडीच्या कुशीला कोणीतरी फळी ठोकली आहे. मालकाने तिच्यावर फुलांच्या कुंड्या ठेवाव्यात.' लोकांना ते वाक्य फार आवडलं. अजूनही कोणीतरी म्हातारा वाचक बाजारात भेटतो आणि तेच म्हणून दाखवतो. कारखान्यात तुझ्या टेबलावर कोणीतरी जिरेनियमची कुंडी ठेवली, हे मला आईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी दुसरी ठेवली. तू त्या दोन्ही कुंड्या घरी आणल्यास, पाणी घातलंस, आणि सप्टेंबरात नोकरी सोडून मोंदोवीला गेलास, हेही तिनेच सांगितलं.

ती रेघ तुझी होती हे मला माहीत होतं. नाव रेखाटन विभागाच्या प्रमुखाचं छापलं गेलं, मीही त्याचंच लिहिलं, पण गाडीच्या प्लास्टरच्या नमुन्यावर ती तुझ्या हाताने उतरली होती. बाराव्या वर्षी आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तू कोळशाने तशीच ओढली होतीस आणि आईचा मार खाल्ला होतास.

हे इतकं मी मनाशी केव्हाच कबूल केलं होतं. पुढचं केलं नव्हतं.

प्रदर्शनानंतरच्या सोमवारी तू ऑफिसात फोन केला होतास. "एर्ने, गुरुवारी अकराला तिला अंगणात काढणार आहेत. जमिनीवर. ये, मग काय लिहायचं ते लिही." मी म्हटलं, बघते. मजकूर शुक्रवारी जायचा होता. गुरुवारी अकरा वाजता मी टेबलाशी बसून होते, हातात काहीही काम नव्हतं. ट्रामने वीस मिनिटं. मी उठले नाही.

बाबांनी आपल्याला दुसरं काय शिकवलं? पत्रा ठोकून गाड्यांची अंगं घडवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, आणि एकाही गाडीबद्दल ती उघड्यावर, जमिनीवर, वीस पावलांवरून पाहिल्याशिवाय ते बोलले नाहीत. कारखान्याचे मालक थांबून राहायचे, हे म्हणायचे, आधी अंगणात काढा. तोरिनोत गाड्या करणारा प्रत्येक माणूस हे जाणतो. सदर लिहायला लागल्यापासून मीही ते पाळत आले होते. किती परदेशी गाड्या मी पावसात उभं राहून पाहिल्या. फक्त तुझी पाहिली नाही.

मला भीती वाटली. लोक म्हणतील, भावाची गाडी म्हणून गोड लिहिलं. त्या धंद्यात मी एकटी बाई होते, आणि कडक म्हणून मला मान होता. तू पंधराव्या वर्षी कारखान्यात गेलास म्हणून बाबांना मला कॉलेजात पाठवता आलं, आणि त्या शिक्षणाचा मी हा उपयोग केला. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी अंगणात गेले असते.

त्याच नोव्हेंबरात कार्मान्योलाच्या बाजारात मी सुक्या मिरच्या घ्यायला थांबले. एका पाववालीची तोर्तोरा चौकात उभी होती. पाऊस नुकताच थांबलेला, जमीन ओली. ती रेघ आता माझ्या कमरेशी होती, आणि तिच्या वर सगळं आभाळ उतरलं होतं, खाली सगळी ओली फरशी. दोहोंच्या मध्ये केसाइतकी धार. फळी नव्हती. फळी कधी नव्हतीच. मी तिच्याभोवती तीनदा फिरले आणि मग हातमोजा काढून तळवा फिरवला, डोळे मिटून, बाबा फिरवायचे तसा. पाववाली दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, घोडा घेताय का?"

मी म्हटलं, हो.

तिची नव्हे, नवी घेतली, आस्तीहून, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं तिथून. तोर्तोरा हे पारव्याचं नाव, म्हणून रंगही पारवाच घेतला. नदीपलीकडे भाड्याच्या गॅरेजात ठेवली आणि वीस वर्षं फक्त रविवारी टेकडीवर नेली. आठवडाभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्यांच्याबद्दल लिहायचं, आणि रविवारी गप्प बसून ही चालवायची. सदर संपल्यावर मात्र रोज चालवली, भाजी आणायलाही. तिने मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. सुखाची मोजदाद मी सहसा करत नाही, पण माझ्या सुखातला मोठा वाटा त्या गाडीत बसून झाला आहे, हे लिहून ठेवते.

आईच्या अंत्यविधीला मी बसने आले होते. पाऊस होता. तू छत्री धरून विचारलंस, गाडी बिघडली का? मी हो म्हटलं. गाडी बिघडली नव्हती. एकतीस वर्षांत आपण समोरासमोर बोललो ते एवढंच, आणि त्यातही मी खोटं बोलले.

चुकीची दुरुस्ती तेव्हाच छापायला हवी होती. साप्ताहिकात दुरुस्त्यांसाठी तिसऱ्या पानावर चौकट होती. एका गाडीचं अश्वबळ चुकलं म्हणून मी तिथे माफी मागितलेली आहे. ही चूक त्या चौकटीत मावणारी नाही, असं स्वतःला सांगत राहिले. खरं कारण असं की दुरुस्तीत आपण गुरुवारी का गेलो नाही हेही लिहावं लागलं असतं.

आता लिहिलं आहे. क्लबला मी एक पान दिलं. त्यात तोर्तोराबद्दलचं माझं मत आहे, जमिनीवर पाहून, तीस वर्षं चालवून झालेलं. मागची खिडकी अरुंद आहे आणि हीटर उशिरा तापतो, हेही त्यात आहे. तुझ्यासाठी म्हणून ते वगळलेलं नाही. गुरुवारबद्दलही आहे. आणि ती रेघ रेमीजिओ गिबाउदो यांची, असं नावानिशी आहे. पुस्तिका चोवीस तारखेला छापायला जाईल. मजकुरातला एक शब्दही मी बदलणार नाही, पण तुझं नाव ठेवायचं की नाही हे तुझ्या हाती. नको असेल तर बावीस तारखेपर्यंत कळव. कार्डावर कळवलंस तरी चालेल.

गाडी ग्वाल्तिएरो शनिवारी तुझ्याकडे आणेल, हे पत्र त्याच्याच हाती असेल. त्याला सांगितलंय, गाडी रस्त्यावर नको, अंगणात उभी कर, मग दार वाजव. तू तिला कारखान्याबाहेर कधी पाहिलंस की नाही मला ठाऊक नाही. नको असेल तर तसं त्याला सांग. तो ती थेट क्लबकडे नेईल, आणि मी त्यावर काही बोलणार नाही. गाडी देऊन हिशोब मिटवते आहे असं समजू नकोस. मला आता ती चालवता येत नाही, आणि ती कोणाची हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

मोंदोवीला आगगाडी जाते, तासाभराची. मला ये म्हणालास तर येईन. नाही म्हणालास तरी नाताळचं कार्ड पाठवीन, पण या वेळी त्यात चार ओळी जास्त असतील.

गुडघ्याला जप.

ग्वाल्तिएरो मोतुरा यांच्या हस्ते, रेमीजिओ गिबाउदो, मोंदोवी, यांच्याकडे सोपवले:

तोर्तोरा गाडी एक, पारवा रंग, एक लाख बारा हजार चारशे किलोमीटर धावलेली. किल्ल्या दोन, दुसरी कधीच वापरलेली नाही.

मालकी बदलाचे कागद, देणाऱ्याच्या जागी सही केलेले, घेणाऱ्याची जागा कोरी.

क्लबच्या पुस्तिकेसाठी लिहिलेलं पान एक, टंकलिखित.

डाव्या मागच्या दारावर नाण्याएवढा पोचा एक. बाबांच्या लहान हातोडीने मी तो काढायला गेले आणि वाढवला. हातोडी मागच्या सीटवर आहे, फडक्यात गुंडाळलेली.

देणारी,
तुझी बहीण,
एर्नेस्ता